चारातलं एक विमान वर का जातं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात त्या संध्याकाळी मोबाइलवर एक चित्रफीत चालू होती. चार लढाऊ विमानं बाणाच्या टोकाचा आकार धरून, एकमेकांना जवळजवळ चिकटून येत होती. खाली मैदानात माणसं सावधान उभी होती. विमानं समोर आली आणि त्यातलं एक नाक वर करून सरळ आभाळात शिरलं. उरलेली तीन तशीच पुढं गेली. शेजारी बसलेल्या आजीनं माझ्या दंडाला हात लावला.

"चारातलं एक वर का गेलं रं? बिघडलं काय त्येच्यात?"

"बिघडलं नाही आजी. लढाईत गेलेल्या पायलटसाठी आहे ते. त्याची जागा मोकळी ठेवतात."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी माउलींचा घोडाच की."

या एका वाक्यात तिनं जे पकडलं, ते मला चार पानं लिहूनही नीट सांगता आलं नसतं. रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर झेंडा घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं. तरी त्या खोगिराला कुणी रिकामं म्हणत नाही. तिथं ज्ञानोबा बसलेत असं मानून लोक त्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीत, पुईखडीच्या माळावरचं रिंगण आजीनं कितीतरी वर्षं पाहिलंय. मोकळ्या जागेकडं आदरानं कसं बघायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मला मात्र त्या दिवसापासून पुढचे प्रश्न पडत गेले. ही जागा मोकळी ठेवायची कशी? अशा मानवंदनेसाठी जुनी, साठ-सत्तर-ऐंशी वर्षांची विमानं का उडवतात? ती उडतात तरी कशी? आमच्या गल्लीत हवाईदलातून निवृत्त झालेले एक तात्या राहतात. पंचाहत्तरी ओलांडलीय. उमेदीची वर्षं त्यांनी डाकोटा या जुन्या मालवाहू विमानांची इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात घालवली. या लेखातलं इंजिनांबद्दलचं बरंचसं त्यांच्या ओसरीवर बसून कळलेलं आहे.

आधी ती मोकळी जागा.

उजवा हात पालथा करून समोर धरा. अंगठा आत मिटा, चार बोटं सरळ ठेवा. मधलं बोट सगळ्यांत पुढं येतं, तो लीडर, म्हणजे क्रमांक एक. तर्जनी क्रमांक दोन. मधल्या बोटाच्या दुसऱ्या बाजूचं बोट क्रमांक तीन आणि करंगळी क्रमांक चार. चार लढाऊ विमानांची ही जुनी, सगळीकडं चालणारी रचना. मानवंदनेत साधारणपणे वर जातो तो क्रमांक तीन. आता हाताकडं परत बघा. हे तिसरं बोट म्हणजे अनामिका. आपल्या भाषेनं या बोटाला नाव नसलेलं बोट म्हणून ठेवलंय आणि आभाळातही नेमकी तीच जागा रिकामी होते. हा निव्वळ योगायोग आहे. पण एकदा लक्षात आल्यावर मला ती रचना दुसऱ्या कशानं आठवतच नाही.

ही रचना दोन प्रकारे दाखवतात. एकात विमानं पहिल्यापासूनच एक जागा सोडून येतात. दुसऱ्यात चारही येतात आणि ऐन समारंभाच्या जागी तिसरा वर निघून जातो. हवाईदलांच्या भाषेत दोन्हींना ‘मिसिंग मॅन’, म्हणजे हरवलेला माणूस, म्हणतात.

बघताना सगळं लक्ष वर जाणाऱ्या विमानाकडं जातं. अवघड काम मात्र चौथ्याचं असतं. अशा रचनेत उडणारा पायलट समोरच्या आकाशाकडं बघत नाही, शेजारच्या विमानाकडं बघतो. त्याच्या पंखाचं टोक आणि अंगावरची एखादी खूण एका रेषेत धरायची; रेषा हलली की आपण हललो. एवढ्या एका रेषेवर तो आपली जागा राखतो. चौथ्याची रेषा एरवी तिसऱ्याशी बांधलेली असते. तिसरा वर गेला की ज्याच्याकडं बघून उडायचं तोच नाहीसा होतो. मग मोकळ्या जागेच्या पलीकडं, दूर असलेल्या लीडरवर नजर लावून आपली जागा धरून ठेवायची. आत सरकायचं नाही, बाहेर कलायचं नाही. तो किंचित जरी आत आला तरी खालून बघणाऱ्याला तीन विमानांचा सुबक त्रिकोण दिसेल आणि गेलेल्या माणसाची जागा पुसली जाईल. घरातलं कर्तं माणूस गेल्यावर त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं जेवणाच्या पंगतीत आपला पाट तिथंच ठेवावा, तसं काहीसं.

वर जाणाऱ्यालाही मनाला येईल तेव्हा वळता येत नाही. रेडिओवर लीडरचा हुकूम येतो, त्या क्षणी आधी सरळ वर उचलायचं, इतरांपासून उंचीचं अंतर पडल्यावरच काय ते वळायचं. हे सगळं जमिनीवर बसून, मिनिटामिनिटाचा हिशेब करून ठरवलेलं असतं. उडण्याआधी पायलट मोकळ्या जमिनीवर त्याच क्रमानं चालत, हातांनी विमान दाखवत सराव करतात.

हिशेबाचं म्हणाल तर तो आपल्या ओळखीच्या अंतरांवर करून बघा. डाकोटा ताशी २४० किलोमीटरनं चाललंय असं धरू. म्हणजे मिनिटाला चार किलोमीटर. पन्हाळा ते कोल्हापूर हा रस्त्यानं साधारण वीस किलोमीटरचा पल्ला पाच मिनिटांत संपला. सेकंदाला जवळपास ६७ मीटर. समजा बिंदू चौकात बिगूल वाजत असताना विमान डोक्यावरून जायचंय आणि ते दहा सेकंद चुकलं, तर तोवर ते अंबाबाईच्या देवळाच्या आसपास पोचलेलं असेल. खाली कुणाचं भाषण लांबलं, पुष्पचक्र वाहायला वेळ लागला, तर विमानाला रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नाही. म्हणून काही किलोमीटर अलीकडं एक जागा ठरवतात आणि तिथं विमानं लांबट घिरट्या घालत राहतात. त्या जागेपासून समारंभापर्यंत नेमकी किती मिनिटं लागतात ते ठाऊक असतं. समारंभात उभा असलेला हवाईदलाचा माणूस रेडिओवरून वेळ कळवत राहतो. त्यानुसार लीडर घिरटी आखूड करतो नाहीतर लांबवतो आणि मग सरळ निघतो.

ही प्रथा नेमकी कुणी सुरू केली यावर पुष्कळ आख्यायिका आहेत. १९३८ सालचं उदाहरण मात्र पक्कं आहे. अमेरिकेच्या लष्करी हवाईदलाचे प्रमुख जनरल ऑस्कर वेस्टओव्हर विमान अपघातात गेले. त्यांच्या अंत्यविधीला पन्नासहून जास्त विमानं आली आणि त्यात एक जागा मोकळी सोडलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे जगभर पसरलं.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. २७ मे १९९९. कारगिलची लढाई नुकतीच सुरू झालेली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि त्यांना उडी मारावी लागली. सतरा नंबरच्या स्क्वाड्रनचे, म्हणजे हवाईदलाच्या तुकडीचे, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ घेऊन त्याच भागात होते. परत फिरणं सोपं होतं. साथीदार कुठं उतरला हे शोधायला ते थांबले आणि त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागलं. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. त्या वेळी त्या स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते बी. एस. धनोआ. बरोबर वीस वर्षांनी, २७ मे २०१९ ला, धनोआ हवाईदलाचे प्रमुख होते. भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावर चार मिग-२१ ची ‘मिसिंग मॅन’ रचना उडाली, तिचं नेतृत्व त्यांनी स्वतः केलं. ज्याला पाठवलं होतं त्याच्यासाठी, त्याच जातीच्या विमानातून. मिग-२१ सुद्धा आता गेलं. साठ वर्षांवर सेवा करून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ते निवृत्त झालं.

त्याच जातीच्या विमानातून, हे मला महत्त्वाचं वाटतं. जुनी विमानं का, याचं उत्तर त्यात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांजवळ वीरगळ उभे आहेत. शेंदूर लावलेले, काही पारावर, काही निम्मे जमिनीत गेलेले. त्यांच्यावर खालून वर वाचायचं असतं. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई: घोडा, ढाल, तलवार, कधी सोडवून आणलेल्या गाई. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेतात. सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढं बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोरणाऱ्यानं नुसता चेहरा कोरला नाही, हा माणूस कशावर बसून आणि काय हातात धरून लढला ते आधी दाखवलं. जुन्या विमानांची मानवंदना मला अशीच वाचता येते. खालची चौकट म्हणजे ते विमान आणि त्याचा आवाज. वर निघून जाणारं तिसरं विमान म्हणजे मधली चौकट.

आपल्या हवाईदलाकडं अशा उडत्या जुन्या विमानांचा वेगळा ताफा दिल्लीजवळच्या हिंडन तळावर आहे. त्यात दुपंखी टायगर मॉथ आहे, शिकाऊ पायलटांसाठीचं हार्वर्ड आहे आणि ‘परशुराम’ नावाचं डाकोटा आहे. या डाकोटाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं हे विमान तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करवलं आणि हवाईदलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाईदलात डाकोटाच उडवत. एप्रिल २०१८ मध्ये ते विमान युरोप आणि आखातातून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला पोचलं. शेपटीवर क्रमांक लिहिलाय व्हीपी ९०५. हा क्रमांक मुद्दाम दिलेला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन जे पहिलं डाकोटा श्रीनगरला उतरलं, त्याचा हा क्रमांक. त्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय लगेचच बारामुल्ल्याकडं लढताना पडले.

२०२१ च्या प्रजासत्ताक दिनी १९७१ च्या युद्धाची आठवण म्हणून ‘परशुराम’ दिल्लीच्या आकाशात आलं, दोन्ही बाजूंना एकेक एमआय-१७ हेलिकॉप्टर घेऊन. लढाऊ विमानं सोडून हेलिकॉप्टर का, असं मी तात्यांना विचारलं.

"अरे, वेग जुळायला नको का? जेट जरा हळू झालं की खाली यायला लागतंय आणि डाकोटा जास्त पळायला लागलं की त्याचे सांधे बोलायला लागतात."

विमान वर राहतं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळं. वेग एका मर्यादेखाली गेला की पंख हवा नीट धरत नाहीत आणि विमान एकदम सुटतं. प्रत्येक विमानाची ही मर्यादा वेगळी. टायगर मॉथचा सगळ्यांत जास्त वेग ताशी १७५ किलोमीटरच्या घरात आहे. आजचं लढाऊ विमान तेवढ्यावर हवेत टिकतच नाही. म्हणून वेगवेगळ्या काळातली विमानं एकाच मानवंदनेत यायची असतील तर ती एका थव्यात येत नाहीत. हळू उडणारी लवकर निघतात, वेगवान उशिरा, आणि समारंभाच्या जागी काही सेकंदांच्या अंतरानं एकामागून एक पोचतात. एका थव्यात यायचंच असेल तर सगळ्यांत हळू जो, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. दिंडीत म्हाताऱ्या माणसांची चाल धरतात तसं.

तात्यांच्या ओसरीवर

आता इंजिन. यावर तात्या दोन तास बोलले आणि मला ते सगळं लिहून काढावंसं वाटतंय.

टायगर मॉथचं इंजिन चार सिलिंडरचं, १३० अश्वशक्तीचं, आणि उलटं टांगलेलं, म्हणजे सिलिंडरची डोकी खाली. हार्वर्डचं नऊ सिलिंडरचं, ६०० अश्वशक्तीचं. डाकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकी १४ सिलिंडर आणि सुमारे १२०० अश्वशक्ती. हार्वर्ड आणि डाकोटाचे सिलिंडर एका रांगेत नसतात, सूर्याच्या किरणांसारखे गोलाकार मांडलेले असतात. त्यामुळं समोरून येणारी हवा प्रत्येकाला थेट लागते आणि पाण्याचा रेडिएटर लागत नाही. त्यांचा तो घुमणारा, छातीत जाणवणारा ठोका याच मांडणीतून येतो. जेटचा आवाज कान फाडतो. हा पोटात उतरतो.

या मांडणीची एक अडचण आहे. इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत सगळ्यांत खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर सिलिंडरच्या डोक्याकडं येणारा पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी सुरू करण्याआधी दोघं-तिघं मिळून पंखा हातानं, सावकाश, पाती मोजत फिरवतात. कुठं अडला तर जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचा प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, मग पुढचं. पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणारी जुनी ऑइल इंजिनं ज्यांनी हँडल मारून सुरू केलीत, त्यांच्या हाताला हा अडल्याचा अंदाज लगेच कळेल.

सुटे भाग हा त्याहून मोठा प्रश्न. कारखाने बंद होऊन कित्येक दशकं झाली. जुन्या गोदामांत, मोडीत निघालेल्या विमानांत भाग शोधायचे, नाही मिळाले तर नवे करायचे. आमच्या उद्यमनगरात हे नवल नाही. जुन्या इंजिनाचा बुश नाहीतर गिअर घेऊन माणूस येतो आणि नमुन्यावरून माप घेऊन, पॅटर्न करून, ओतून, लेथवर उतरवून तसाच दुसरा हातात पडतो. पण विमानाच्या भागाला तेवढ्यानं भागत नाही. धातू कुठल्या वितळीतला, त्यात काय काय किती, ओतकामात आत पोकळी राहिली का याची क्ष-किरण तपासणी, कुणी केला, कुणी तपासला, हे सगळं कागदावर नसेल तर तो भाग कितीही सुरेख असला तरी विमानाला लागत नाही. तात्या म्हणाले, भागापेक्षा त्याचा कागद जड असतो.

टायगर मॉथची तऱ्हा आणखी वेगळी. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर कापड ताणलेलं आणि कापडावर एक प्रकारचं रोगण. रोगण वाळताना कापड आवळतं, हलगी शेकल्यावर कातडं आवळतं तसं, आणि बोटानं टिचकी मारली तर तसंच वाजतं. लाकडाला दमट हवा मानवत नाही, सांध्यांतला गोंद जुना होतो. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात असं विमान उघड्यावर ठेवायचा विचारही करू नये.

धातूच्या विमानांना वेगळा आजार. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पंखांवर उड्डाणागणिक ताण येतो आणि जातो, तसा धातू आतून थकतो. म्हणून अशा विमानाचा तास न् तास मोजून वापरतात. त्यांना कसरती करायला लावत नाहीत, हलक्या हातानं वळवतात.

उतरणं हे उडण्यापेक्षा अवघड. या विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. जमिनीवर नाक वर असल्यानं पायलटला समोरचं दिसतच नाही. धावपट्टीकडं जाताना तो नागमोडी चालवत आलटून पालटून दोन्ही बाजूंनी डोकावतो. वजन मुख्य चाकांच्या मागं असल्यामुळं धावताना शेपूट जरा बाजूला गेली की आणखी जाते. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरनं मागं घेताना किंचित तिरकी झाली आणि तिथंच सावरली नाही तर ती कशी वळत वळत आडवी होते, ते आठवा. तेच, फक्त शंभराच्या वेगानं. म्हणून बाजूनं जोराचा वारा असेल तर ही विमानं उडत नाहीत. समारंभ ठरलेला असो, लोक जमलेले असोत, वारा वाढला की कार्यक्रम रद्द. त्या दिवशी हिरमुसून घरी जाणाऱ्यांनी पायलटवर रागावू नये, एवढंच मला वाटतं.

इंधनाचीही पंचाईत आहे. आजच्या बहुतेक विमानतळांवर मिळतं ते जेटचं इंधन, रॉकेलच्या जातीचं. या इंजिनांना खास विमानाचं पेट्रोल लागतं, ते आधीपासून सोय करून न्यावं लागतं.

यात धोका आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शोरॅमला एक जुनं हंटर विमान कसरत करताना रस्त्यावर कोसळलं, ११ माणसं गेली. ती विमानाबाहेरची माणसं होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला दुसऱ्या महायुद्धातली दोन विमानं हवेत धडकली आणि सहा जण गेले. कुणी कुठल्या उंचीवर राहायचं हे आधी नीट ठरवलेलं नव्हतं, असं तपासात निघालं. इंग्लंडच्या हवाईदलाचा स्मरण-ताफा १९५७ मध्ये सुरू झाला; तो स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ आणि लँकेस्टर हे बॉम्बफेकी, अशी दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवतो. मे २०२४ मध्ये त्यातलं एक स्पिटफायर पडलं आणि मेलेल्यांना मानवंदना देण्याचं काम करणारा पायलटच गेला.

मग हे थांबवावं का? मला तसं वाटत नाही. पण गर्दीच्या डोक्यावरून न्यायचं नाही, कसरती नाहीत, उंचीचे थर आधी ठरलेले, आणि शंका आली की विमान जमिनीवर. या चार गोष्टींत कुठल्याही पाहुण्यासाठी, कुठल्याही मुहूर्तासाठी सूट देऊ नये. इंग्लंडच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं दुसऱ्या महायुद्धात गेली. त्यांच्यासाठी उडणारी लँकेस्टर जगात दोनच उरलीत, एक इंग्लंडात, एक कॅनडात. ती सांभाळून उडवणं हाच त्यांचा मान आहे.

आपली माणसं

मराठी घरांतली जागाही या रचनेत मोकळी आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ब्रिटिशांच्या हवाईदलात लढाऊ विमान उडवत होते. जून १९१८ मध्ये ते फ्रान्सवर पाडले गेले आणि जर्मनांच्या कैदेत वारले. त्यांची कबर फ्रान्समध्ये हँगार्ड इथं आहे. त्यानंतर महिन्याभरात, जुलै १९१८ मध्ये, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय गेले. वय अवघं १९, आणि तोवर शत्रूची दहा विमानं त्यांच्या नावावर होती.

आणि फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं सुखोई-७ पडलं. ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. त्यांनी दशकानुदशकं शोध सोडला नाही. पाकिस्तानशी झालेल्या युद्धांत बेपत्ता झालेल्या ५४ भारतीय जवान-अधिकाऱ्यांच्या यादीतलं तांबे हे एक नाव. २००७ साली त्या यादीतल्या काहींचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले. ज्या घरात देह आला नाही, दहावं-तेरावं कधी करायचं हेच ठरलं नाही, त्या घराला ‘मिसिंग मॅन’ हे शब्द अगदी अक्षरशः लागू पडतात.

असंच हवाईदलाचं एक विमान ७ फेब्रुवारी १९६८ ला रोहतांगच्या बाजूला बर्फात नाहीसं झालं. एएन-१२ जातीचं मालवाहू, आत १०२ माणसं. २००३ मध्ये अवशेष दिसायला लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चौघांचे देह मिळाले, ५६ वर्षांनी.

कोल्हापूरचा या सगळ्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, शहराजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या घरातले पुरुष पोलिश फौजांबरोबर दूरच्या आघाड्यांवर होते. त्याआधी १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडचं आभाळ राखायला १४५ पोलिश पायलट लढले. त्यांची ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन त्या लढाईतल्या सगळ्यांत यशस्वी तुकड्यांपैकी होती. स्वतःचा देश गेलेला असताना दुसऱ्याच्या आभाळात ते मेले. लंडनजवळ नॉर्थोल्टला त्यांचं स्मारक आहे. आपल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेनं उभारलेला स्तंभ आहे आणि तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. सकाळी उद्यानात फिरायला जाणाऱ्यांनी त्या स्तंभापाशी एकदा थांबावं.

आणखी एक नाव इथलं आहे, ते पडलेल्यांचं नाही, घडवणाऱ्याचं. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, गडहिंग्लजकडच्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला, आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल, त्यांच्या हाताखाली ते शिकले. बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं शिकाऊ विमान तयार झालं. ते १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढं कितीतरी वर्षं हवाईदलातल्या मुलांनी पहिले धडे त्याच्यावर गिरवले.

असं एखादं जुनं विमान कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला, उतरवायचं झालं तर? राजाराम महाराजांच्या काळात तिथं धावपट्टी आली, त्यामुळं दुपंखी विमानं त्या माळाला नवी नसावीत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाचा जोर उतरतो, पंखांना हवा कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. पावसाळ्यात ढग खाली येतात. म्हणजे हिवाळ्याची सकाळ, धुकं विरल्यावर आणि वारा सुटण्याआधी. घारी विमानाला धडकू नयेत याचीही काळजी घ्यावी लागेल. मी आणि तात्यांनी हे सगळं कागदावर मांडून बघितलं, वेळही काढली: जानेवारी, सकाळी साडेनऊ.

घरी येऊन आजीला ते सांगितलं. तिनं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "आनी त्यो वर गेलेला? त्यो कवा खाली येतो?"

तो एकटाच फिरून येतो, वेगळ्या वाटेनं, जरा वेळानं, असं मी म्हणालो. बाकीच्यांबरोबर उतरत नाही.

"परत लाव बघू."

मी चित्रफीत लावली. तिसरं विमान वर गेलं. आजीनं मोबाइल जवळ ओढला आणि पुढं जाणाऱ्या विमानांवर एकेक करून बोट ठेवलं. एक, दोन. मग मोकळ्या जागेवर बोट जरा वेळ तसंच राहिलं. चार.